उन्हाळ्यात मरते, थंडीत कळते

पहाटेची वेळ, अंगावर काटा आणणारी थंडी. शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्यात एखाद्या घरापुढे किंवा दौंडमधल्या पाटसला साखर कारखान्याच्या गाडीतळावर कुणीतरी किल्ली फिरवतं आणि इंजिनाच्या घरघरीऐवजी नुसतं ‘टक्’ ऐकू येतं. पुन्हा फिरवली की ‘टक्-टक्-टक्-टक्’. डॅशबोर्डवरचे दिवे मंदावतात, घड्याळातले आकडे पुसले जातात आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला तोही आवाज बंद होतो. बॉनेट उघडलं जातं, शेजारपाजारचे दोघे-तिघे जमतात आणि गाडीमालक हमखास म्हणतो, “अहो, काल रात्रीपर्यंत तर एका सेल्फात चालू होत होती!”

तो खोटं बोलत नसतो. काल गाडी खरोखरच चालू झालेली असते. पण बॅटरी काल रात्री मेलेली नसते. शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व अंगाचे, पर्जन्यछायेतले तालुके. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली, तापलेल्या इंजिनाशेजारी बॅटरीला त्याहून कितीतरी जास्त उष्णता सोसावी लागते. आपल्याकडच्या बहुतेक बॅटऱ्या त्या उन्हाळ्यातच आतून संपत आलेल्या असतात. पावसाळा कसाबसा निघतो. डिसेंबरात पारा दहा अंशांच्या आसपास आला, इंजिनातलं ऑइल घट्ट झालं, सेल्फला जरा जास्त जोर लागला की झालेलं नुकसान उघडं पडतं. बिल मात्र थंडीच्या नावावर फाटतं.

हे कसं होतं ते समजायला बॅटरीच्या डब्यात डोकवायला हवं. बारा व्होल्टची म्हणतो ती बॅटरी म्हणजे एका डब्यात शेजारी शेजारी बसवलेले सहा सेल. प्रत्येक सेल दोन व्होल्टपेक्षा किंचित जास्त देतो, म्हणून पूर्ण भरलेली आणि काही तास निवांत ठेवलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. प्रत्येक सेलमध्ये शिशाच्या जाळीच्या प्लेटा असतात. धन बाजूच्या प्लेटांवर चॉकलेटी रंगाचा लेड डायऑक्साइड थापलेला असतो, ऋण बाजूच्या प्लेटांवर करड्या रंगाचं सच्छिद्र शिसं. मधे पाणी मिसळलेलं सल्फ्युरिक ॲसिड. वीज बाहेर जाऊ लागली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं आणि ॲसिड पातळ होत जातं. चार्जिंग केलं की हीच क्रिया उलटी होते, सल्फेट विरघळून मूळ पदार्थ परत येतात आणि ॲसिड पुन्हा कडक होतं. गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली ही बॅटरी बनवली. १८८१मध्ये कामीय फोर यांनी जाळीवर लगदा थापण्याची युक्ती काढली आणि ती व्यवहारात आली. डबा प्लॅस्टिकचा झाला, शिशात कॅल्शियम मिसळू लागले, झाकणं बंद झाली, पण आतली रसायनं दीडशे वर्षांहून जास्त काळ तीच आहेत.

गाडीत तिचं काम काय? सुरुवातीच्या मोटारी पुढून हँडल फिरवून चालू करत. आपल्याकडे ॲम्बॅसॅडर आणि जुन्या जीपगाड्यांची हँडलं अनेकांनी मारली आहेत, आणि उलटा झटका बसून मनगट मोडलेली माणसंही जुन्या पिढीत होती. १९१२च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर आला आणि बॅटरी मोटारीचा कायमचा भाग झाली. स्टार्टरची, म्हणजे आपल्या सेल्फची, मागणी मोठी विचित्र असते. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, डिझेल गाडीचा त्याहून जास्त. पण हे सारं दोनेक सेकंदांचं काम. दीडशे अँपिअर दोन सेकंद म्हणजे एकूण खर्च अगदी किरकोळ, गाडी चालू झाल्यावर अल्टरनेटर एखाद्या मिनिटात तो भरून काढतो. बॅटरीत साठा किती आहे याला सेल्फच्या दृष्टीने दुय्यम महत्त्व आहे. तो साठा एका झटक्यात बाहेर टाकता येतो का, यावर सगळं अवलंबून असतं.

प्लेटा जुन्या झाल्या की नेमकी हीच ताकद आधी जाते. चांगल्या बॅटरीचा आतला रोध ओहमच्या शंभराव्या भागाइतका किंवा त्याहून कमी असतो. दीडशे अँपिअर ओढले की दीड व्होल्ट आतल्या आत पडतात आणि सेल्फला अकराच्या आसपास मिळतात. तोच रोध तिप्पट झाला की साडेचार व्होल्ट आत जिरतात आणि बाहेर जेमतेम आठ उरतात. म्हणून हॉर्न वाजतो, दिवे लख्ख लागतात, टेप चालतो आणि तरीही गाडी चालू होत नाही. मघाचं ‘टक्-टक्’ही त्यातूनच येतं. किल्ली फिरवल्यावर सोलेनॉइड नावाचं चुंबक आत खेचलं जातं, त्याला वीज थोडी पुरते. ते खेचलं गेलं की सेल्फची मोठी जोडणी होते. सेल्फ एकदम ओढू लागतो, व्होल्टेज कोसळतं, चुंबकाचा जोर सुटतो आणि ते मागे येतं. भार सुटताच व्होल्टेज परत चढतं, चुंबक पुन्हा खेचलं जातं. सेकंदात अनेकदा हे घडतं आणि आपल्याला टकटक ऐकू येते. एकच जाड ‘टक्’ येऊन दिवे अजिबात मंदावले नाहीत, तर दोष बहुधा सेल्फमध्ये किंवा त्याच्या जोडणीत असतो, बॅटरीला उगाच बोल लावू नये.

आता सल्फेटकडे. बॅटरी उतरल्यावर प्लेटांवर जमणारं लेड सल्फेट सुरुवातीला अगदी बारीक कणांचं असतं आणि चार्जिंगला लावलं की ते सहज परत जातं. पण बॅटरी तशीच उतरलेल्या अवस्थेत आठवडाभर, पंधरा दिवस पडून राहिली की बारीक कण एकमेकांत मिसळून मोठे, टणक स्फटिक बनतात. पिठीसाखर पाण्यात टाकताच विरघळते आणि खडीसाखरेचा खडा तासभर तळाशी बसून राहतो, तसा हा फरक आहे. मोठ्या स्फटिकांनी झाकलेला प्लेटेचा भाग कामातून जातो. म्हणूनच बॅटरी एकदा उतरली यात फारसं बिघडत नाही, ती उतरलेली असताना आपण ‘बघू रविवारी’ म्हणून सोडून देतो ते तिला मारतं.

उन्हाचा मार वेगळ्या वाटेने येतो. उष्णता वाढली की रासायनिक क्रिया वेगाने होतात, हव्या त्याही आणि नको त्याही. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. धन प्लेटेची जाळी गंजत जाते, ठिसूळ होते, तिच्यावरचा लगदा सुटून खाली गाळ होऊन बसतो. पाण्याची वाफ होते, प्लेटांच्या वरच्या कडा उघड्या पडतात आणि उघडा पडलेला भाग वाळून कायमचा जातो. खड्ड्यांचे हादरे त्यात भर घालतात. बॅटरी आवळून धरणारी पट्टी ढिली असेल तर प्रत्येक खड्ड्याला लगद्याचे कण गळतात आणि तळचा गाळ वाढत वाढत प्लेटांना टेकला की तो सेल शॉर्ट होतो. आपल्याकडे तीन-चार वर्षं टिकलेली बॅटरी म्हणजे तिने आपलं काम केलं असं मी मानतो. थंड देशांतल्या पुस्तकात पाच-सहा वर्षं लिहिलेली असतात, ती आपल्यासाठी नाहीत. उष्ण हवामानासाठी ॲसिडही जरा सौम्य भरतात. थंड देशांत पूर्ण भरलेल्या सेलच्या ॲसिडची घनता १.२८च्या आसपास असते, आपल्याकडे १.२४-१.२५. ताकद किंचित कमी मिळते, पण जाळी हळू गंजते.

ऊस गाळपाचा हंगाम हा या दोन तालुक्यांतल्या बॅटऱ्यांचा सगळ्यांत खडतर काळ. आलेगाव, पाटस, पाटेठाण या कारखान्यांवर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि ट्रक रात्र-रात्र नंबर लागण्याची वाट बघत उभे असतात. इंजिन बंद असतं. दिवे चालू, टेप चालू, आणि ट्रॅक्टरवर दोन-चार मोठे स्पीकर आणि ॲम्प्लिफायर बसवलेला असेल तर तोही चालू. रात्रभर जागायचं, घरापासून लांब राहायचं, थोडं गाणं हवंच. त्या चालकांना मी त्यात दोष देणार नाही. पण गाडीची बॅटरी या कामासाठी घडवलेलीच नसते. झटक्यात वीज देता यावी म्हणून तिच्यात पातळ पातळ प्लेटा जास्त संख्येने बसवलेल्या असतात. हळूहळू तळापर्यंत उपसण्यासाठी जाड प्लेटा लागतात, त्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत असतात. गाडीची बॅटरी काही मोजक्या वेळा पूर्ण उतरवली की कायमची कमजोर होते. हंगामभर टेप वाजवायचाच असेल तर त्यासाठी वेगळी बॅटरी बसवणं शेवटी स्वस्त पडतं.

छोट्या गाडीचा हिशेबही करून बघण्यासारखा आहे. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी धरा. हेडलाइट आणि मागचे दिवे मिळून अकरा-एक अँपिअर खातात, म्हणजे लग्नाच्या जेवणावळीत दिवे चालू राहिले तर तीन तासांत बॅटरी रिकामी. आतला पाच वॉटचा छोटा दिवा विसरला तर साडेतीन दिवस. आणि काहीच चालू ठेवलं नाही तरी घड्याळ, लॉकची यंत्रणा, अलार्म, संगणक हे सगळं गुपचूप थोडी थोडी वीज पीत असतं. हा खर्च ५० मिलिअँपिअर धरला तर महिन्याभरात साठा संपतो, पण बॅटरी जुनी असेल तर गाडी चालू न होण्याची वेळ दोन आठवड्यांतच येते. दौंड स्टेशनाबाहेर गाडी लावून गावाला गेलेल्या माणसाला परतल्यावर तिथे धक्का मारायला माणसं शोधावी लागतात, त्यामागे हाच हिशेब असतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ गाडी उभी राहणार असेल तर दहाचा पाना घेऊन ऋण बाजूची, म्हणजे मायनसची, वायर सोडून ठेवावी. रेडिओची स्टेशनं पुसली जातील, बॅटरी वाचेल.

दौंडचं नाव आलं म्हणून रेल्वेचंही सांगतो. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन दौंडला पुढून काढून मागे लावायचं, ही दौंड स्टेशन टाळून जाणारी कॉर्ड लाइन होण्याआधीची नेहमीची गोष्ट. गाडी तेवढा वेळ उभी असे. निळ्या किंवा तपकिरी रंगाच्या जुन्या पद्धतीच्या डब्यांत चाकाच्या आसाला पट्ट्याने जोडलेला अल्टरनेटर असे. डबा धावू लागला की तो फिरे आणि डब्याखाली टांगलेल्या पेटाऱ्यातल्या ११० व्होल्टच्या बॅटऱ्या भरत. स्टेशनात गाडी थांबली की दिवे-पंखे या बॅटऱ्यांवर चालत. त्या शिसं आणि ॲसिडच्याच, आपल्या गाडीतल्या बॅटरीच्या थोरल्या बहिणी. बॅटऱ्या जुन्या झाल्या असल्या की दौंडला इंजिन फिरेपर्यंत डब्यातले दिवे पिवळे पडलेले दिसायचे.

परत बॉनेटपाशी येऊ. गाडी चालू होत नाही तेव्हा बॅटरी नुसती उतरली आहे, की खरोखर गेली आहे, की तिला काहीच झालेलं नाही, हे आधी ठरवायला हवं. घाईत हे कुणी बघत नाही आणि चांगली बॅटरी भंगारात जाते. सुरुवात टर्मिनलपासून करावी. क्लॅम्प हाताने हलतो का? त्यावर पांढरी-हिरवी भुकटी आली आहे का? ही भुकटी वीज अडवते. मायनसची वायर आधी आणि प्लसची नंतर सोडायची, खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुऊन, घासून, कोरडं करून आवळायचं, जोडताना प्लस आधी. वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यायचा. कित्येक ‘मेलेल्या’ बॅटऱ्या एवढ्यावर उठून बसतात.

त्याने भागलं नाही तर मीटर लावायचा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९च्या खाली म्हणजे रिकामी. चार्जिंगला लावूनही आकडा साडेदहाच्या आसपास अडकून राहिला, तर सहापैकी एक सेल गेला असं समजावं. बाकी पाच कितीही धडधाकट असोत, ही बॅटरी आता गाडी चालू करणार नाही.

जुन्या बॅटरीवाल्याची तपासणी बघण्यासारखी असते. तो सहाही झाकणं उघडतो, हायड्रोमीटरची रबरी नळी एकेका सेलमध्ये बुडवून ॲसिड ओढतो आणि काचेतला तरंगता काटा डोळ्यांच्या पातळीवर धरून वाचतो. १२४०, १२४०, १२३०, १२४०, आणि पाचव्या सेलला ११००. तिथेच निकाल लागतो. सगळे सेल सारखेच खाली असतील तर बॅटरी उतरली आहे, चार्जिंगला लावा. एकच वेगळा असेल तर तो सेल गेला. मग दोन टोकांचा लोड टेस्टर टर्मिनलवर दाबून धरतो. त्यातली जाड पट्टी लाल होईपर्यंत तापते आणि काटा कुठवर खाली येतो ते दिसतं. काही जण सेल्फ मारायला सांगून उघड्या झाकणांतून बघतात; गेलेल्या सेलमध्ये त्या क्षणी बुडबुडे येतात. अशा वेळी जवळ तोंड नेऊ नये आणि बिडी-काडी तर अजिबात नको. झाकण बंद बॅटरीवरचा हिरवा डोळा सहापैकी एकाच सेलची खबर देतो, त्यामुळे तो हिरवा आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

बॅटरी चांगली निघाली तर पुढचा संशयित अल्टरनेटर. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. बारा-साडेबाराच दिसत असतील तर भरणाच होत नाही. पट्टा सैल आहे किंवा अल्टरनेटर गेला आहे. नवी बॅटरी टाकूनही ती दोन दिवसांत उतरणार. पंधरा व्होल्टच्या वर दिसले तर उलट दोष, बॅटरी जास्त भरून उकळते, फुगते, सडक्या अंड्यासारखा वास येतो. गाडी चालू असताना डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चित्र लागलं तर त्या क्षणापासून गाडी साठ्यावर चालते आहे असं समजावं. एसी, पंखा, टेप बंद करून जवळचं गाव गाठावं आणि वाटेत इंजिन बंद करू नये.

हे वाटेत, रात्री घडलं तर? शिरूर-चौफुला रस्त्यावर आंधळगाव ते पारगाव या टप्प्यात दोन्ही बाजूंना ऊस आहे. शिरूरच्या उसात बिबट्या असतो आणि ही गोष्ट हसण्यावारी नेण्याची राहिलेली नाही. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड भागात माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. म्हणून अंधारात गाडी बंद पडली तर लहानांना आत बसवावं, काचा लावाव्यात, पार्किंगचे दिवे चालू ठेवण्याइतकी बॅटरी राखावी आणि फोन करावा. पुणे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि कुठेही ११२ हे क्रमांक चालतात.

मदतीला थांबणारं वाहन इथे बहुधा ट्रॅक्टर किंवा उसाचा ट्रक असतं, आणि या दोघांत मोठा फरक आहे. ट्रॅक्टरची बॅटरी बारा व्होल्टची असते, तिच्यावरून कारला वीज घेता येते. मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. ते कारला लावले तर एका झटक्यात संगणक, दिवे, टेप सगळं जळू शकतं. ट्रकवाल्याने कितीही आपुलकीने केबल पुढे केली तरी नम्रपणे नको म्हणावं.

जंप केबल लावण्याचा क्रम पाठ असावा. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, लाल केबलचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. मग काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचा काळा चिमटा उतरलेल्या बॅटरीला न लावता तिच्या गाडीच्या इंजिनावरच्या, रंग नसलेल्या जाड धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडतेच. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, हवेत तो चार टक्के झाला तरी पेट घेतो, आणि ठिणगी बॅटरीच्या तोंडाशी उडाली तर डबा फुटून ॲसिड चेहऱ्यावर येतं. ॲसिड डोळ्यांत गेलं तर भरपूर साध्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवत राहायचं आणि थेट दवाखाना. चिमटे लावल्यावर पाच मिनिटं थांबून मग सेल्फ मारावा, आणि काढताना उलट क्रमाने काढावेत. फुगलेल्या किंवा तडा गेलेल्या बॅटरीला केबल लावूच नये.

केबल नसेल तर धक्का. किल्ली चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, गाडीने वेग घेतला की क्लच झटकन सोडायचा. चाकं इंजिन फिरवतात, सेल्फचं काम वाचतं. ट्रॅक्टर संध्याकाळी उताराला लावून ठेवणारे शेतकरी हेच करतात: सकाळी ब्रेक सोडला की झालं. जुन्या ट्रॅक्टरचा डिझेल पंप पूर्णपणे यांत्रिक असल्याने एकदा चालू झाल्यावर त्याला विजेची गरजच नसते. नव्या गाड्यांना मात्र इंजेक्टर, पेट्रोलचा पंप आणि संगणकासाठी थोडी तरी वीज लागते. दिवेही लागत नसतील इतकी बॅटरी रिकामी झाली असेल तर कितीही ढकला, व्यर्थ. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीला तर धक्क्याचा उपयोगच नाही. चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून ‘अल्टरनेटर बघण्याची’ जुनी रीतही आता सोडायला हवी. बॅटरी बाजूला होताच व्होल्टेज उसळतं आणि हजारोंचा संगणक जातो.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मालकांनाही यातून सुटका नाही. चाकं फिरवणाऱ्या मोठ्या लिथियम बॅटरीखेरीज त्यांत बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि मोठीची जोडणी चालू करणारे स्विच याच छोटीवर चालतात. मोठी शंभर टक्के भरलेली असली तरी छोटी उतरली की गाडीचं दारही उघडायला त्रास होतो.

उतरलेली बॅटरी गाडी चालवून भरते हा समज अर्धाच खरा आहे. शिरूरहून रांजणगाव एमआयडीसीपर्यंतची वीस-पंचवीस मिनिटांची फेरी तिला पुरत नाही. ३५ अँपिअर-अवरची रिकामी बॅटरी साडेतीन अँपिअरवर दहा-बारा तास चार्जिंगला लावावी लागते. दुकानदाराने चारच तासांत ‘फास्ट’ भरून दिली तर प्लेटा तापतात. झाकणाची बॅटरी असेल तर महिन्यातून एकदा, उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी पाणी बघावं. फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावं. आपल्या बोअरचं पाणी क्षारांनी भरलेलं असतं आणि त्यातलं लोह आणि क्लोराइड प्लेटांचा नाश करतं. ॲसिड तर घरी कधीच घालू नये. पातळी कमी होते ती पाणी उडाल्यामुळे, ॲसिड आतच असतं.

आणि शेवटी गेलीच, तर जुनी बॅटरी कुठे जाते हेही गाडीमालकाने विचारावं. दहा किलोच्या बॅटरीत निम्म्याहून जास्त वजन शिशाचं असतं आणि शिसं पुन्हा पुन्हा गाळून वापरता येतं. खेड तालुक्यात मरकळला जुन्या बॅटऱ्यांचं शिसं गाळणारा कारखाना आहे आणि चिंचवडला १९६९पासून बॅटऱ्या बनतात, म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या बॅटरीचं शिसं जिल्ह्यातच पुन्हा बॅटरी होऊ शकतं. २००१पासून जुनी बॅटरी परत घेण्याचे नियम आहेत. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती गोळा करून पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. तरीही काही ठिकाणी भंगारात बॅटरी फोडून ॲसिड ओढ्यात ओततात आणि उघड्या भट्टीत शिसं वितळवतात. तो धूर आणि ती धूळ आसपास खेळणाऱ्या मुलांच्या रक्तात जाते, आणि शिशाने मुलांच्या मेंदूचं केलेलं नुकसान भरून येत नाही. भंगारवाला पन्नास-शंभर रुपये जास्त देत असला तरी जुनी बॅटरी नवी देणाऱ्या दुकानातच बदलीत द्यावी, झाकणं घट्ट लावून, उभी ठेवून न्यावी आणि पावतीवर जुनी जमा केल्याची नोंद करून घ्यावी.